टेकची दहा वाक्यं

“टेक ऑफ म्हणजे काढणं. बूट काढणं, सदरा काढणं,” चेतना म्हणाली.

“आन् इमान टेक ऑफ करतंय ते?”

“ते उडणं.”

मथुराबाई हसल्या. “फुडं काय लावंल तसा फिरतोय की ह्यो. आमच्यात टेक म्हंजी भितीला टेकायची तेवढी.”

चेतना शाळेत इंग्रजी शिकवायची. जुळे सोलापुरात मथुराबाईंच्या खोलीखालीच तिचं घर होतं. महिनाभर ती रोज संध्याकाळी वर येत होती. मथुराबाईंचा मुलगा युवराज बंगळुरूला नोकरीत होता. नवरा गेल्यावर दोन वर्षं त्या एकट्याच होत्या. आता युवराजनं बोलावलं होतं. तीन वर्षांच्या नातवाला मराठी येत नव्हतं, म्हणून युवराजनं मोबाइलवर दहा इंग्रजी वाक्यं पाठवली होती. मी त्याला बाहेर नेते. त्याचे बूट काढते. त्याची काळजी घेते. सगळीकडे टेक.

चेतनानं आपणहून अकरावं शिकवलं. “ही टेक्स आफ्टर हिज ग्रँडफादर. म्हणजे आजोबांवर गेलाय.”

मथुराबाईंनी ते लगेच फोनवर मुलाला म्हणून दाखवलं.

युवराजनं मधेच तोडलं. “ते नको, आई. दिलेलीच पाठ कर.”

मग म्हणाला, “रविवारी वैदेहीताई व्हिडिओ कॉल करतील. माझ्या ऑफिसातल्या आहेत. त्यांच्यासमोर तुझा सराव होईल. घरचं काही बोलत बसू नकोस.”

रविवारी मथुराबाई इरकल नेसून बसल्या. फोन चेतनानं धरला. पडद्यावर वैदेही होती, मांडीवर एक गुबगुबीत मुलगी. मथुराबाईंनी दहाही वाक्यं न अडखळता म्हटली. मुलगी टाळ्या वाजवू लागली.

“फार छान,” वैदेही म्हणाली. “हिला रमवाल तुम्ही.”

“रमवीन की. नातवासंगं खेळंल ती बी.”

“नातू? तुमचाही नातू आहे इथं?”

मथुराबाईंनी चेतनाकडे पाहिलं. “युवराजचा पोरगा न्हवं का.”

“हां, त्याला नातू म्हणता होय. किती माया असते तुम्हा लोकांना,” वैदेही हसली. “युवराजनं सांगितलंय मला सगळं. त्याच्या आईकडे तुम्ही वीस वर्षं कामाला होतात. त्या वारल्यापासून तुम्हाला कुणी नाही. आता आमच्याकडेच राहा, मावशी.”