टोपी मागायची रीत

फर्गल टूही वर्गाच्या दारात पोचला तेव्हा सोरखाबाई चिमटीत एक ओला मोजा धरून उभ्या होत्या.

शाळेत विसरलेल्या कपड्यांचं खोकं त्यांनी टेबलावर ओतलं होतं. नियम एकच. आपली वस्तू आयरिशमध्ये मागायची आणि घेऊन जायची. इंग्रजीत मागितली की ती परत खोक्यात.

"मो स्टोका, ले दो हल!" पुढचे दोन दात पडलेला एक पोरगा ओरडला. माझा मोजा, कृपा करून. मोजा त्याच्या तोंडावर आपटला आणि वर्ग खिदळला.

फर्गलची ब्रोना शेवटच्या बाकावर बसली होती. सात वर्षांची पोर, घरी तोंडाला उसंत नसायची. पण अक्षरं तिच्यापुढे उलटीसुलटी नाचायची, आणि सप्टेंबरपासून आयरिशच्या तासाला तिने अवाक्षर काढलं नव्हतं. फर्गलच्या कोटाच्या खिशात अर्ज होता. पोरीला आयरिशमधून सूट द्या, तो तास तिला बाहेर चित्रं रंगवू द्या. दोन शिक्षकी शाळा; मुख्याध्यापिकाही सोरखाबाईच. घंटा झाली की अर्ज त्यांच्या हातात द्यायचा आणि निघायचं, असं त्याने ठरवलं होतं. पोरीला काही विचारलं नव्हतं. तिचे हाल त्याला बघवत नव्हते, एवढंच.

"या, ब्रोनाचे बाबा. टोपी काढलीत हे बरं केलंत," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातली टोपी घेऊन त्यांनी सरळ खोक्यात टाकली.

"अहो बाई, माझी टोपी..."

"इंग्रजीत बोलले! इंग्रजीत बोलले!" अख्खा वर्ग ओरडला.

फर्गल गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. दर गुरुवारी चारशे जनावरं त्याच्या जिभेवरून खपायची, तीही श्वास न घेता. इथे मात्र त्याचं ततपप झालं. बावीस पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने नकळत हात वर केला, आणि शाळेने त्याला दिलेलं एकुलतं एक आयरिश वाक्य, शब्दही इकडचा तिकडे न होता, बाहेर पडलं.

"मी संडासला जाऊ का?"

या देशात कुणालाही झोपेतून उठवा, हे वाक्य बिनचूक येईल. तेरा वर्षं शाळेत आयरिश शिकून बाकीचं सगळं कुठे जातं कोण जाणे.

पोरं बाकांवर लोळली. एकाला तर उचकीच लागली. "जा की," बाई ओठ दाबत म्हणाल्या, "डाव्या हाताला आहे. टोपी मात्र इथेच राहील."

फर्गलचे कान लाल झाले. त्याने शेवटच्या बाकाकडे बघायचं टाळलं. बापाची शोभा झाली की पोरीला काय वाटत असेल, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कुणीतरी त्याची बाही ओढली.

"तसं नाही रे बाबा," ब्रोना दबक्या आवाजात म्हणाली. "मो खॅपीन."

"मो कॅपीन."

"खॅ! घशातून. खोंड हाकलताना काढतोस ना, तो आवाज."

फर्गलने घसा खरवडला. "मो खॅपीन."

"ले दो हल म्हण. मागताना म्हणावं लागतं."

आता सगळा वर्ग ऐकत होता. बाईंच्या हातातला खडूही हातातच राहिला.

"ले दो हल," फर्गल म्हणाला. "आणि कोट?"

"मो खोता."

"आणि बूट?"

"मो व्रोगा." तिचा आवाज आता दबका राहिला नव्हता. "आणि जोरात बोल. बाईंना कसं ऐकू जाणार?"

फर्गल तिच्यासमोर उकिडवा बसला. "अगं, एवढं सगळं येतं तुला! मग इतके दिवस बोलत का नव्हतीस?"

"चुकले असते तर सगळे हसले असते."

"मग आज?"

"आज तुला हसून हसून दमलेत ना सगळे," ती म्हणाली.

बाईंनी टोपी आणून त्याच्या डोक्यावर ठेवली. स्वतःच्या हाताने, दोन्ही बाजूंनी नीट दाबून. घंटा झाली आणि वर्ग कोटांच्या खुंट्यांकडे धावला.

"तुमचं काही काम होतं का?" बाईंनी हळूच विचारलं. फोनवर तो अर्जाबद्दल बोलला होता, त्यामुळे त्यांना ठाऊक होतं.

फर्गलचा हात खिशाकडे गेला. "अर्ज आणलाय," तो म्हणाला. "पण थांबा जरा. जिच्यासाठी आणलाय तिलाच विचारायचं राहून गेलं."

बाहेर पावसाची भुरभुर होती. गाडीपाशी त्याने पोरीच्या कोटाची बटणं लावली.

"ब्रोना, खरं सांग. आयरिशच्या तासाला बाहेर बसून चित्रं रंगवायचीत का तुला? हो म्हणालीस तरी मी रागावणार नाही."



"उद्या नको," ती म्हणाली. "उद्या तासाला पँटी मागायच्यात. आणि तू येणार असशील ना बाबा, तर पाठ करूनच ये."