रांगेचं शेपूट

कुणाचा हेवा करणार नाही, असं रोज सकाळी जिझो बोधिसत्त्वाच्या मूर्तीसमोर उदबत्ती लावून मी म्हणते. पण क्योतोच्या गेम-प्रदर्शनात मैत्रीण मित्सुएने बनवलेल्या व्हिडिओ गेमसाठी लागलेली रांग वळून माझ्या टेबलासमोर आली. शेवटच्या माणसाने धरायची ‘रांग इथे संपते’ ही पाटी माझ्या नाकासमोर. तीन वर्षं खपून केलेला माझा गेम लोकांपर्यंत पोचवायला हा एकच दिवस होता. पाटीवाली मुलगी कंटाळून तो खेळू लागली, तेही भीक घातल्यासारखं वाटलं. “रांग भिंतीकडे वळव ना, अडचण होते,” मी मित्सुएला गोड हसून म्हणाले. लगेच वळवून ती म्हणाली, “अगं, मुद्दामच तुझ्याकडे वळवली होती. ताटकळलेले लोक तुझाही गेम खेळतील म्हणून.” मला तिच्या चांगुलपणाचाही हेवा वाटला. ती मुलगी खेळ अर्धवट सोडून, वाकून आभार मानत, पाटीसकट भिंतीकडे निघाली.