पागोळ्या

चर्चची उत्तरेकडची भिंत ओल धरू लागली, म्हणून पाद्रीबाबांनी शिशाची पन्हळ बसवायला हॅमो मिस्त्रीला बोलावलं. गाव खूश झालं. गावातल्या ॲव्हिसला मात्र ती पन्हळ नको होती. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळाला दफनभूमीत जागा नव्हती, म्हणून तिनं आपली तान्ही लेक त्याच भिंतीलगत, पागोळ्यांखाली गुपचूप पुरली होती. देवाच्या छपरावरून ओघळेल ते पाणी तरी पवित्र, एवढ्याच भरवशावर. पन्हळ बसली की ते पाणी लेकीवर पडणार नव्हतं.

ती शिडीपाशी गेली. "मिस्त्रीदादा, इथं हातभर जागा पन्हळीविना सोडाल का?" कारण विचारलं तर काय सांगायचं, याचीच तिला भीती होती.

हॅमोनं कारण विचारलंच नाही.

"पोरी, सकाळपासून हेच मागणारी तू नववी. आता पन्हळ लावायला भिंत कुठं उरलीय?"