नोंदींवरचं नाव

‘माझ्या नोंदींवरचं नाव कुणी काढलं?’ शब्दकोशाच्या कामातल्या माझ्या जुन्या सहकारी वाटवेबाईंनी पत्रातून विचारलं होतं. त्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही.

आमच्या शब्दकोशाची प्रत्येक नोंद म्हणजे संगणकातली एक फाइल. छपाईआधी आज सगळ्याच फाइलींना जोडलेली लेखकांची नावं काढायची होती.

“सर, काढलेलं नाव फाइलीच्या जुन्या आवृत्तीत राहतंच,” शेजारच्या टेबलावरची केतकी म्हणाली. “कुणी काढलं तेही राहतं. हे बघा, वाटवेबाईंचं नाव तर चार वर्षांपूर्वी तुम्हीच काढलंत की! विसरलात ना?”

“हो,” मी म्हणालो. खरं तर विसरलो नव्हतो.

घरी जाताना पोस्टकार्ड घेतलं. ‘नाव मीच काढलं. तुमच्या नोंदी माझ्या नोंदींपेक्षा सरस होत्या,’ एवढंच लिहून पेटीत टाकलं.