किती पावलांवर पळतात

परसात एकोणीस कोंबड्या होत्या: सहा गिरिराज, पाच कडकनाथ, आठ गावरान. माणूस किती जवळ आला की कोणती जात पळते, हे अर्पिता तीन महिने वहीत टिपत होती. गिरिराज गरीब, पाय लागला तरी हलत नसत. कडकनाथ दोन पावलांवरून बाजूला होत. गावरान मात्र आठ पावलांवरूनच कलकलाट करत छपरावर चढत. शेवटी ज्वारी चारून चारून तिने त्यांनाही हातावर खायला शिकवलं.

"माणसाइचा स्वभाव समजत नाही, अन् कोंबड्याइचा लिहून राह्यली!" आई हसायची.

मग गावात बर्ड फ्लू निघाला. पांढऱ्या पोशाखातलं पथक दारात आलं.

"आमची एकबी आजारी नाही हो," अर्पिता म्हणाली.

"तरी साऱ्याच मारा लागतात, ताई. शेजारच्या गावरान धरता धरता दोन तास गेले आमचे."

आईने डोळ्यांना पदर लावला. "त्याइले पळवू नका, भाऊ. अर्पिता, तूच बलाव."

अर्पिता मूठभर ज्वारी घेऊन अंगणात बसली आणि तिने हाक मारली.

सगळ्या धरायला अकरा मिनिटं लागली.