पाळकीणबाईंचं आमेन

"कुणासाठी प्रार्थना करू?" ख्रिस्ती आश्रमातल्या म्हाताऱ्या सगुणाबाईंनी विचारलं.

दोन दिवस विसाव्याला आलेल्या पाळकीणबाईंनी, म्हणजे धर्मगुरूंच्या पत्नीने, सवयीने सांगायला सुरुवात केली. चर्चच्या मंडळीतले आजारी, बाळंतिणी, परीक्षेला बसलेली मुलं, पाळकसाहेबांचं बीपी.

"आणि तुमचं नाव?"

"माझं राहू दे. मी बरी आहे."

"तरी सांगा."

आई गेल्यापासून त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती. "शलोमी," त्या हळूच म्हणाल्या.

"प्रभू, शलोमी फार दमलीये," सगुणाबाईंनी डोळे मिटून सुरुवात केली आणि त्या एकाच नावासाठी सावकाश, पुष्कळ वेळ प्रार्थना केली.

चर्चमध्ये सगळ्यांआधी ऐकू येणारं पाळकीणबाईंचं आमेन आज आलंच नाही. त्यांना खुर्चीतच झोप लागली होती.

सगुणाबाईंनी त्यांच्या अंगावर शाल घातली आणि त्यांच्या वाटचं आमेनही हलक्या आवाजात म्हणून टाकलं.