डोळे बांधून केलेली निवड

“अजून घट्ट बांध. फटीतूनसुद्धा उजेड दिसायला नको.”

बायकोने काळ्या ओढणीची तिहेरी घडी केली, त्याच्या डोळ्यांवरून घेतली आणि मागे गाठ मारली. “सून पसंत करायला निघाल्यासारखं चाललंय तुमचं,” ती म्हणाली. “आणि अट काय, तर दिसायला कशीही असो, बोलते कशी तेवढं बघायचं.”

तो हसला.

सतरा वर्षं तो गाण्यांचं संगीत संयोजन करत होता, तेही एकाच सॉफ्टवेअरवर. लोकांना वाटायचं, हा माणूस कानांवर जगतो. खरं तर तो डोळ्यांवर जगत आला होता. पडद्यावर गायिकेचा आवाज निळ्या लाटांसारखा पसरायचा, ताल तांबड्या ठिपक्यांसारखा. तिने श्वास कुठे घेतलाय, बासरी कुठे घाईने शिरलीय, हे त्याला ऐकण्याआधी दिसायचं. माऊसने उचलायचं, जरा सरकवायचं, की झालं.

आठ महिन्यांपूर्वी दाढी करता करता त्याचा डावा डोळा गेला. दुखलं नाही, खुपलं नाही. गालाला साबण लावून होईपर्यंत गेलासुद्धा. डॉक्टर म्हणाले, “उजवाही असाच जाईल. उद्या, नाही तर चार वर्षांनी. इलाज नाही, आणि तो सांगून जाणार नाही.”

तेव्हापासून त्याने त्या एका क्षणाची धास्ती घेतली होती. सकाळी जाग आली तरी तो डोळा उघडायचा नाही. मग हळूच उघडायचा, आणि पंख्याची तिन्ही पाती दिसली की धरून ठेवलेला श्वास सोडायचा. एकदा जिन्यातला दिवा गेला, तर कठडा धरून तिथेच खाली बसला. शेजारच्या काकांनी विचारलं, “काय हो, चक्कर आली का?” त्याला हो म्हणावं लागलं. रस्ता ओलांडताना डोळा गेला तर? आंघोळ करताना? आपण ओरडू का तेव्हा? हे सगळं तो बायकोला सांगत नव्हता. तिला तो एवढंच म्हणाला होता, “डोळा जाईल तेव्हा जाईल. हातातलं काम जाता कामा नये.”

म्हणून हा खटाटोप. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज त्याने संगणकात बसवून घेतला होता. जुन्या सॉफ्टवेअरचं त्या आवाजाशी जमत नव्हतं; ज्याचं जमेल, ते नवं घ्यायचं.

सगळे वापरतात ते पहिलं परवा बघून झालं. कुठलीही कळ दाबली की आवाज म्हणायचा, “बटण. बटण. बटण.” कशाचं, ते नाही. काल दुसरं झालं. ते बोलायचं भरपूर, पण गाण्यात आपण कुठे उभे आहोत एवढंच सांगायचं नाही. दोन्ही वेळा दहा मिनिटांत त्याने ओढणी ओरबाडून काढली होती आणि कितीतरी वेळ नुसता खिडकीकडे बघत बसला होता.

आज तिसरं. यादीत चौथं नव्हतं.

त्याने ओढणीवरूनच हेडफोन चढवले. पहिली कळ दाबली.

“ट्रॅक चार. बासरी. दोन मिनिटं अकरा सेकंद,” आवाज म्हणाला.

तो ताठ बसला. बाणाची कळ दाबली, आवाजाने पुढची जागा सांगितली. परत दाबली, परत सांगितली. दुसऱ्या कडव्यात बासरी अर्धी मात्रा आधी शिरत होती. त्याने ती धरली, मागे घेतली, ऐकली. जास्त झाली. थोडी पुढे केली.

मध्येच बायको चहा घेऊन आली. त्याने घाईघाईने हेडफोन ओढून काढले, चाचपडत कप घेतला आणि दोन घोटांत संपवला.

“कशी आहे सून?”

“बोलकी आहे. जा आता, मध्ये मध्ये करू नकोस.”

हेडफोन पुन्हा कानांवर गेले. कडव्यामागून कडवं जागेवर बसत गेलं. शेवटचा सूर विरला तेव्हा त्याने सगळं गाणं एकदा सलग ऐकलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली.

“अगं, ये इकडे,” हेडफोन गळ्यात घेत त्याने हाक मारली. “हेच घ्यायचं. आख्खं गाणं झालं, न बघता.”

त्याने गाठ सोडायला हात मागे नेला. बोटांना नुसते केस लागले. त्याने कपाळ चाचपलं. मग बोट हळूच खाली आणलं. पापणीचे केस बोटाला घासले. डोळा उघडा होता.

“अगं, ओढणी कुठाय?”

“मघाशीच नाही का उचलून नेली? चहाच्या वेळी हेडफोनबरोबर निघून खुर्चीमागे पडली होती,” ती दारातून म्हणाली. “मला वाटलं, तुमची परीक्षा घेऊन झाली. छान पडद्याकडे बघून काम चाललं होतं, म्हणून बोलले नाही.”

त्याने तोंडासमोर हात हलवला. काहीच हललं नाही.

तो मनाशीच मागे मागे जात शोधू लागला. चहाच्या आधी? दुसऱ्या कडव्यात? पहिल्या कडव्यात? सापडेना. ज्या क्षणाच्या भीतीने आठ महिने त्याला धड श्वास घेऊ दिला नव्हता, तो येऊन गेला होता, आणि त्याला पत्ताही लागला नव्हता. तो बासरी जागेवर बसवत होता.